मनगटाचे हाड मोडल्यास : पडल्यापासून हात पूर्ववत होईपर्यंत काय करावे

आषाढातल्या एका सकाळी मागील दारच्या शेवाळलेल्या फरशीवरून माझा पाय घसरला, तोल सावरताना उजवा तळहात जमिनीवर टेकला गेला आणि मनगटापाशी हाड मोडले. पुढचे चार महिने रुग्ण म्हणून काढल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. मोडलेले हाड जागेवर बसवण्याचे काम डॉक्टरांचे असते, परंतु तो हात पुन्हा कामाचा करण्याचे काम बरेचसे रुग्णाच्याच वाट्याला येते, आणि त्यासाठी नेमके काय करायचे हे त्याला वेळेवर कोणी नीट बसून सांगतेच असे नाही. ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरातल्या माणसावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांना ते सारे क्रमाने कळावे म्हणून हे लिहीत आहे. उपचार अर्थातच आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. त्यांना काय विचारायचे, हे मात्र आधी ठाऊक असलेले बरे.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे ते रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे ते अल्ना. पसरलेल्या तळहातावर माणूस पडला की शरीराचा सगळा भार रेडियसच्या मनगटाजवळच्या टोकावर येतो आणि ते तिथे मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून ८१ वर्षे होती. म्हणजे केवळ डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून त्यांनी तो ओळखला होता. पालथा ठेवलेला जेवणाचा काटा जसा बाजूने वाकलेला दिसतो, तसे मनगट दिसू लागते. मात्र हाड जागेवरून सरकलेले नसेल तर हात सरळच दिसतो, बोटेही हलतात, आणि म्हणूनच ‘नुसते मुरगळले आहे’ असे समजून लोक चार-चार दिवस हळदीचे लेप लावत बसतात. बोटे हलतात म्हणजे हाड शाबूत आहे, असे मुळीच नाही.

पहिला तास

सर्वांत आधी त्या हातातली अंगठी, बांगड्या, कडे, घड्याळ आणि मनगटाला बांधलेला गंडादोरा काढावा. हे दुखणे थांबेपर्यंत लांबवू नये, कारण सूज पहिल्या तासाभरातच चढू लागते. काचेच्या बांगड्या ओढून काढण्यापेक्षा खाली कापड धरून सांभाळून फोडाव्यात. मी माझी अंगठी ‘नंतर काढू’ म्हणून ठेवली. दोन तासांनी बोट इतके सुजले होते की साबणाचे पाणी लावूनही ती हलेना आणि अखेर रुग्णालयात ती कापावी लागली. सोने सोनाराकडून पुन्हा जोडून मिळते, परंतु बोटाचा रक्तपुरवठा खुंटला तर ते बोट गमवायची वेळ येऊ शकते.

नंतर हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत स्थिर करावा. वर्तमानपत्राची जाड घडी किंवा फुटपट्टी कापडात गुंडाळून हाताखाली ठेवावी, वरून सैलसर बांधावे आणि ओढणीची किंवा पंचाची झोळी करून हात गळ्यात अडकवावा. वाकडे दिसते म्हणून कोणी ओढून सरळ करू नये, तेल लावून चोळू नये. बर्फ असल्यास तो रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे धरावा. आपल्याकडे पडलेल्या माणसाला लगेच साखरपाणी किंवा चहा देण्याची रीत आहे. हाड बसवण्यासाठी भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, आणि पोट भरलेले असेल तर त्यासाठी काही तास थांबावे लागते. म्हणून डॉक्टरांनी पाहीपर्यंत खायला-प्यायला न दिलेले चांगले. रुग्ण मधुमेही असून साखर उतरल्याची लक्षणे दिसत असतील, तर मात्र साखर द्यावी आणि तसे डॉक्टरांना सांगावे.

हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले असेल किंवा मोडलेल्या जागी जखम असेल, बोटे पांढरी-निळी, थंड किंवा बधिर पडली असतील, अथवा डोक्यालाही मार लागला असेल, तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून विनाविलंब रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते.

इथे हाडवैद्यांविषयी लिहिणे भाग आहे. आमच्या शेजारच्या दोघा-तिघांनी त्याच सकाळी मला पंचक्रोशीतल्या एका हाडवैद्याचे नाव सुचवले, आणि त्यामागचा त्यांचा जिव्हाळा मला कळत होता. परंतु क्ष-किरण चित्र न काढता, बांबूच्या कामट्या लावून हात घट्ट आवळून बांधला आणि आत सूज वाढत गेली, तर स्नायूंचे रक्त तुटते. मग बोटे कायमची आखडतात किंवा क्वचित हात कापावा लागतो. लहान मुलांच्या कोपराजवळच्या मोडीत हा धोका फार मोठा असतो. निदान पहिला एक्स-रे आणि हाडांच्या डॉक्टरांचे मत यांना पर्याय नाही, असे मी आवर्जून सांगेन.

रुग्णालयात पोहोचल्यावर

केसपेपर काढताना किंवा अपघात विभागातल्या डॉक्टरांना चार गोष्टी आपणहून सांगाव्यात : कसे पडलो, त्याआधी चक्कर आली होती का, कोणती औषधे चालू आहेत आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, पोटातला व्रण आणि गरोदरपण यांचा उल्लेख विसरू नये, कारण वेदनाशामक आणि भूल या दोन्हींची निवड त्यावर अवलंबून असते. रस्त्यावरचा अपघात असेल तर रुग्णालय त्याची वैद्यकीय-कायदेशीर नोंद करते आणि पोलिसांना कळवते. यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट पुढे विम्याच्या दाव्यासाठी ती नोंद उपयोगी पडते.

एक्स-रे कमीत कमी दोन बाजूंनी काढतात, समोरून आणि कडेने, कारण एका बाजूने सरळ दिसणारे हाड दुसऱ्या बाजूने सरकलेले असू शकते. अंगठा ताणून वर केल्यावर त्याच्या मुळाशी जो खोलगट भाग दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर ते मुद्दाम दाखवावे. तिथल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची मोड पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही. अशा वेळी हात बांधून ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून ही दुसरी फेरी टाळू नये.

मग निर्णयाची वेळ येते. हाड सरकलेले नसेल तर नुसते प्लास्टर पुरते. सरकलेले असेल तर जागा बधिर करून किंवा भूल देऊन हात ओढून हाड बसवतात आणि वर प्लास्टर घालतात. हाडाचे तुकडे झाले असतील, मोड सांध्यापर्यंत गेली असेल किंवा बसवलेले हाड पुन्हा सरकत असेल, तर तारा घालतात अथवा प्लेट आणि स्क्रू बसवतात. वयस्कर माणसांच्या बाबतीत एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे : साठी-पासष्टीनंतर मनगट किंचित वाकडे जुळले तरी रोजची कामे बहुधा व्यवस्थित होतात, म्हणून तरुणाला सुचवलेली शस्त्रक्रिया आजीला सुचवली नाही याचा अर्थ तिच्याकडे दुर्लक्ष झाले असा होत नाही. ‘शस्त्रक्रिया केली नाही तर माझ्या हाताला नेमके काय जमणार नाही?’ हा एकच प्रश्न मी विचारला, आणि त्या उत्तरातून मला निर्णय घेता आला. माझे हाड बसवून प्लास्टरवर भागले.

शस्त्रक्रिया ठरली तर साधारणपणे आधी सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही बंद ठेवतात. पुष्कळदा संपूर्ण भूल न देता खांद्यापासून हात बधिर करतात. तो नंतर काही तास लाकडासारखा पडून राहतो, तेव्हा तो पलंगाखाली लोंबकळणार नाही किंवा गरम भांड्याला लागणार नाही, याकडे सोबतच्या माणसाने लक्ष द्यावे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. उजवा हातच मोडला असेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो.

खर्चाबद्दल संकोच न बाळगता आधीच विचारावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो; रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन दाखल होण्याआधीच त्याच्याकडे जावे आणि आपली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत बसते का, हे पाहून घ्यावे. खासगी आरोग्यविमा असल्यास तातडीने दाखल झाल्यावर बहुतेक कंपन्यांना २४ तासांत कळवावे लागते. दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात घातलेल्या प्लास्टरचा खर्च मात्र बऱ्याच पॉलिसींतून मिळत नाही.

घरी निघताना डिस्चार्ज कार्ड, हाड बसवण्यापूर्वीचे आणि नंतरचे एक्स-रे, आणि प्लेट बसवली असल्यास तिच्या पाकिटावरचे स्टिकर, इतके कागद हातात असायला हवेत. नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

पहिले दोन दिवस आणि दोन रात्री

या टप्प्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, असे मी कळकळीने सांगेन. सुरुवातीला पूर्ण गोल प्लास्टर न घालता एका बाजूने कडक पट्टी आणि वरून बँडेज असे ‘कच्चे प्लास्टर’ बहुधा घालतात, कारण सुजेला फुगायला जागा हवी असते. सूज उतरल्यावर ‘पक्के’ घालतात. कच्चे असले तरी ते रुतू शकते.

मला दुपारी घरी सोडले. रात्री अकराच्या सुमारास बोटे कणीस भाजल्यासारखी तडतडू लागली. गोळी घेऊनही दुखणे उतरण्याऐवजी चढत होते आणि मधल्या बोटाचे नख दाबून सोडले तर ते पांढरेच राहत होते. रुग्णालयात फोन केला, तेव्हा पलीकडून ‘प्लास्टर नवीन आहे, दुखणारच, सकाळी या’ असे उत्तर मिळाले. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी ते ऐकले नाही. त्या मला रिक्षात घालून तशाच घेऊन गेल्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी बोटे पाहिली आणि काही न बोलता कात्रीने वरचे बँडेज कोपरापासून बोटांपर्यंत उभे कापले, आतला कापूसही कापला. दहा मिनिटांत नखांवर गुलाबी रंग परतला. फोनवर उत्तर देणाऱ्या माणसाचा राग मला आजही येतो, कारण आमच्या जागी एकटी राहणारी वृद्ध बाई असती तर ती सकाळपर्यंत थांबली असती.

म्हणून दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाचही बोटे पाहावीत. नख दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. बोटे उबदार असावीत, स्पर्श कळला पाहिजे, आणि दुसऱ्याने बोट हलकेच सरळ केले तर हातात असह्य कळ येता कामा नये. वेदना गोळीला न जुमानता वाढत असेल, बोटे निळी, पांढरी किंवा थंड पडली असतील, मुंग्या आणि बधिरपणा वाढत असेल, तर रात्र असो वा दिवस, फोनवरच्या उत्तरावर न थांबता थेट अपघात विभागात जावे. प्लास्टर सैल करून घेणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे आणि त्याला झालेल्या उशिराची भरपाई नंतर होत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ही तीनच बोटे बधिर होत असतील तर मनगटातून जाणाऱ्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते, तेही त्वरित सांगावे.

हात कायम हृदयापेक्षा वर ठेवावा. झोपताना छातीशेजारी दोन उशा रचून त्यावर हात ठेवला आणि बसल्यावर सोफ्याच्या पाठीवर टेकवला तर निम्मे दुखणे त्यानेच कमी होते. झोळी चालताना उपयोगी, पण दिवसभर झोळीत हात खाली लोंबत ठेवला तर बोटे सुजतात. आणि बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत : पूर्ण मूठ, मग पूर्ण पंजा, तासाला दहा वेळा, सोबत कोपर आणि खांदाही. ‘हाताला आराम द्या’ या वाक्याचा मी अर्थ काढला की खांदाही हलवायचा नाही, आणि तीन आठवड्यांनी वेणी घालायला हात मागे जाईना.

प्लास्टरचे सहा आठवडे

मोठ्या माणसाचे मनगट जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, लहान मुलांचे तीन-चार आठवड्यांतही जुळते. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बोलावलेले एक्स-रे चुकवू नयेत, कारण सूज उतरून प्लास्टर सैल पडले की आतले हाड सरकू शकते, आणि ते तेव्हाच कळले तर पुन्हा बसवता येते. सहाव्या आठवड्यात कळून फारसा उपयोग नसतो.

अंघोळीच्या वेळी हातावर पिशवी चढवून तिचे तोंड चिकटपट्टीने बंद करावे आणि तरीही हात बादलीपासून दूर, वर धरावा. साधे प्लास्टर भिजले की मऊ पडते. फायबरचे बाहेरून टिकले तरी आतला कापूस ओला राहून कातडी कुजते. खाज सुटली म्हणून विणकामाची सुई किंवा फुटपट्टी आत घालू नये, कारण आत ओरखडा उठून पिकला तर तो दिसतही नाही. प्लास्टरवरून टिचक्या मारल्या किंवा केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा सोडली तर बरे वाटते. आतून दुर्गंधी आली, ओल पाझरली किंवा ताप भरला तर डॉक्टरांना दाखवावे.

कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. ब्लाउजच्या बाहीतून प्लास्टर जात नाही. मी दोन जुन्या ब्लाउजची उजवी शिवण उसवून बंद लावून घेतले. डावा हात मोडला असेल तर शौचाला जाणे ही सर्वांत मोठी अडचण ठरते आणि संकोचापोटी त्यावर कोणी बोलत नाही. पाण्याचा फवारा देणारी नळी बसवून घेतली तर उजव्या हाताने निभावते; बसून उठताना मोडलेल्या हातावर जोर येऊ नये म्हणून कमोड किंवा कमोडची खुर्ची असलेली बरी. बँकेत सही जुळत नसेल तर अंगठ्याच्या ठशावर दोन साक्षीदारांसमोर पैसे काढता येतात. त्यांतला एक जण बँकेचा जबाबदार अधिकारी असतो.

खाण्यात दूध, दही, नाचणी, तीळ, डाळी आणि चालत असल्यास अंडी-मासे असावेत. ‘हाड जुळवणारे’ म्हणून महाग डबे घ्यायची गरज मला तरी वाटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तंबाखू, विडी-सिगारेट आणि मशेरी बंद करावी. तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो, आणि मशेरी लावणाऱ्या आमच्याकडच्या कित्येक बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत.

प्लास्टर निघाल्यावर

ज्या दिवशी प्लास्टर कापले त्या दिवशी मी जितकी खचले तितकी हाड मोडले तेव्हाही खचले नव्हते. हात बारीक झालेला, कातडीचे पापुद्रे निघत असलेले, मनगट दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखे. हे सर्वांचेच होते आणि ते भरून येते. कातडी घासून काढू नये. कोमट पाण्याने धुऊन खोबरेल तेल हलकेच लावावे. तेल लावणे वेगळे आणि मालिश वेगळे.

भौतिकोपचारतज्ज्ञाकडे निदान दोन-तीनदा जाऊन व्यायाम शिकून घ्यावेत आणि मग घरी दिवसातून चार-पाच वेळा करावेत. कोमट पाण्यात हात बुडवून मनगट वर-खाली करणे, रुमाल पिळणे, मऊ कणकेचा गोळा दाबणे हे सुरुवातीचे. सर्वांत उशिरा परत येणारी हालचाल म्हणजे तळहात आकाशाकडे वळवणे. कोजागरीच्या सुमारास देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला, तर तळहात आडवाच राहिला आणि पळीतले पाणी करंगळीवरून ओघळून गेले. त्या दिवसापासून कोपर कमरेला चिकटवून, मुठीत लाटणे उभे धरून, ते सावकाश दोन्ही बाजूंना आडवे करण्याचा व्यायाम मी वाढवला. लाटण्याचा भार हाताला पुढे ओढतो आणि ताण आपोआप मिळतो. कार्तिकात पाणी तळहातात राहिले.

व्यायामानंतर थोडे दुखणे चालते, परंतु ते तासाभरात उतरले पाहिजे. हात सतत जळजळत राहणे, नुसत्या कापडाच्या स्पर्शानेही वेदना होणे, कातडी लालसर-चकचकीत दिसणे, एकाच हाताला घाम येणे ही लक्षणे वेगळ्या विकाराची असू शकतात आणि त्यावर लवकर उपचार झाले तर चांगला फरक पडतो. तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलता येणे एकाएकी बंद झाले, तर अंगठ्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटला असण्याची शक्यता असते. अगदी साध्या, न सरकलेल्या मोडीतही काही आठवड्यांनी असे घडू शकते. दुचाकी चालवणे, पाण्याची भरलेली बादली उचलणे आणि तळहातावर भार देऊन उठणे हे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.

हाड का मोडले?

उभ्या उंचीवरून साधे पडून हाड मोडले आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रीचे, तर हाडे ठिसूळ झाली आहेत का हे पाहायलाच हवे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी आणि ड-जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आपणहून विचारावी. आज मनगट मोडलेल्या बाईचे पुढे खुब्याचे हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि ठिसूळपणावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. मला प्लास्टर काढल्यावर कोणी हे सुचवले नाही. मी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली आणि घनता कमीच निघाली. चक्कर येऊन पडला असाल तर रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण आणि डोळ्यांचा नंबर हेही तपासून घ्यावेत.

मागील दारची ती फरशी आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून, खराट्याने घासून काढली. आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती तशी घासतो. न्हाणीघराच्या दाराशी धरायला लोखंडी दांडी बसवली आहे. गवंड्याने ती उजव्या बाजूला आखली होती. माझ्या उजव्या मुठीत अजून पूर्ण जोर आलेला नाही म्हणून ती डावीकडे बसवून घेतली.